‘आगामेम्नॉन’ अर्धं वाचलं तरी काहीच घडत नाही. पुढे वाचावं का?

वाचा, सोडू नका. तुमची तक्रार मात्र रास्त आहे. एस्किलस या प्राचीन ग्रीक नाटककाराचं हे नाटक सुमारे १६७० ओळींचं, आणि ज्याच्या नावाचं आहे तो राजा येतो जवळजवळ ७८० ओळी झाल्यावर. पहिल्या वेळी मीही कोरसमधल्या, म्हणजे नगरातल्या म्हाताऱ्यांच्या त्या लांबलचक गाण्यापाशीच पुस्तक मिटलं होतं.

इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सला हे नाटक झालं तेव्हा गोष्ट प्रेक्षकांच्या ओळखीची होती: ट्रॉय जिंकून आलेला राजा घरीच बायकोच्या हातून मारला जातो. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ यावर एस्किलसची भिस्तच नाही. होणार ते माहीत असताना ते जवळ येत राहतं, ती धास्ती त्याला हवी आहे.

सुरुवातीचा पहारेकरी पुन्हा वाचा. वर्षभर राजवाड्याच्या छपरावर कुत्र्यासारखा कोपरांवर पडून आहे, अंथरूण दवाने ओलं, डोळ्याला डोळा नाही. ट्रॉय पडल्याची खूण म्हणून पेटवलेला जाळ, ज्याची तो वाट पाहतोय, दिसल्यावर आनंदाने नाचायला निघतो आणि मध्येच गप्प होतो. जिभेवर मोठा बैल बसलाय, म्हणतो. या घरात काहीतरी बिनसलंय हे तिथेच कळतं.

काय बिनसलंय ते त्या गाण्यात आहे. उलटा वारा थांबावा, जहाजं ट्रॉयकडे निघावीत म्हणून आगामेम्नॉनने पोटच्या पोरीचा, इफिजिनियाचा बळी दिला. करडासारखी उचलून वेदीवर धरली, घराण्याला शाप देऊ नये म्हणून तोंड बांधलं. हीच पोर बापाच्या मेजवान्यांत गायची. एवढं मनात ठेवून पुढे जा. राणी क्लायटेम्नेस्ट्रा, त्या पोरीची आई, आगामेम्नॉनच्या पायांखाली गर्द जांभळी वस्त्रं अंथरते, आणि त्यांवर पाऊल टाकण्याआधी तो वहाणा सोडायला सांगतो. तेवढ्या वेळात माझा जीव टांगणीला लागतो.

शेजारी कॅसांड्रा, राजाने ट्रॉयहून बंदी करून आणलेली राजकन्या, बसलेली असते, जवळजवळ ३०० ओळी एक शब्द न बोलता. छापील पानावर ती दिसतच नाही, ही वाचकाची खरी अडचण. अ‍ॅरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराने ‘बेडूक’ या नाटकात एस्किलसच्या अशा मुक्या पात्रांची टर उडवली आहे, म्हणजे हा कंटाळा तेव्हाही लोकांना माहीत होता! पण राणी तिला आत बोलावून, उत्तर न मिळाल्याने चिडून निघून जाते आणि मग कॅसांड्रा तोंड उघडते ते अपोलो देवाच्या नावाने टाहो फोडतच. ते पान तरी मोठ्याने वाचा. मी दुसऱ्या वेळी सगळं नाटकच मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे ते मला लागलं.

आणि आतून राजाची किंकाळी येते तो क्षण. दाराबाहेरचे म्हातारे आळीपाळीने दोन-दोन ओळी बोलत बसतात, आत जायचं की नगरवासीयांना हाक घालायची. याहून संथ जागा नाटकात नाही. मला मात्र दर वेळी ओरडावंसं वाटतं, अहो, जा ना आत!