जुनी एअर रायफल घेतोयस? आधी सिलिंडर बघ
बालेवाडीला सराव सुरू केलास, फार बरं वाटलं. पण दहा मीटरची जुनी पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल घेताना नुसत्या चकाकीवर भुलू नकोस. आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाच. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थरसारख्या कंपन्या त्याला 10 वर्षांचीच मुदत देतात. ती उलटली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करून माग, आणि जुना पुन्हा भरायचा नाही म्हणजे नाही. 200 बारचा दाब असतो त्यात! मुदत शिल्लक असेल तर हवा भरून रात्रभर ठेवायला सांग. सकाळी दाबाचा काटा उतरलेला दिसला तर कुठलं तरी सील गेलंय.

रायफल स्प्रिंगची असेल तर पेलेटशिवाय (छर्ऱ्याशिवाय) झाडू देऊ नकोस, पिस्टन थेट आपटतो.

बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, .177 इंचापेक्षा मोठा किंवा ताकद 20 ज्यूलच्या वर असेल तर परवाना लागतो. तो नसेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून दे. घेताना-विकताना ओळखपत्राची प्रत आणि सीरियल नंबर घातलेली पावती हवीच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नकोस, फोम ओल धरतो. नळीवरून तेलाचं फडकं फिरव, आणि घरात लहान मुलं असतील तर पेलेट वेगळ्या कुलपात.