प्रीमियर पद्मिनीचा बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा बसवावा का?

बसवा, पण आधी बॉनेट उघडून गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर ते बघा (दोन्ही इंजिनावर फिरून वीज बनवतात; डायनॅमो हा जुना प्रकार). सगळं त्यावर अवलंबून आहे.

मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर असतो, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. सिग्नलला तापमानाचा काटा चढतो तो म्हणूनच. इलेक्ट्रिक पंखा तिथेही पूर्ण वेगाने फिरतो. पण डायनॅमो आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) जवळपास काहीच करंट देत नाही आणि छोटा पंखासुद्धा ७-८ अँपिअर सहज ओढतो. त्यात रात्री हेडलाइट लागले की सगळा भार बॅटरीवर. डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवून घ्या, मगच पंख्याला हात लावा.

अनेक जण मारुती ८०० चा पंखा वापरतात. स्वस्त आहे, कुठेही मिळतो. रिले (पंख्याचा मोठा करंट पेलणारा स्विच), फ्यूज आणि थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू करणारा स्विच) हवाच. डॅशबोर्डवर नुसतं बटण नको, एक दिवस ते दाबायचं राहतं आणि इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) जातं. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर हवा इंजिनाकडे खेचली जातेय ना, हे कागदाचा तुकडा जाळीसमोर धरून तपासा. तो जाळीला चिकटला पाहिजे. वायरी उलट लागल्या तर हवा समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडते.

पंखा रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून कधीही बांधू नका. हादऱ्यांनी नळ्या घासून गळू लागतात. पत्र्याची पट्टी करून फ्रेमला बोल्ट करा.

आणि रेडिएटर आतून शेवटचा कधी साफ केला होता? माझ्या मते सुरुवात तिथूनच करा.