वाचकांचे प्रश्न : एकावर एक कॉन्टूर

प्रश्न : मॅथेमॅटिका या गणिती प्रोग्रॅममध्ये दोन फलांचे (फंक्शनांचे) कॉन्टूर आलेख, म्हणजे समान मूल्यांचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचे आलेख, काढून 'शो' या आज्ञेने एकत्र केले. दिसतो फक्त दुसरा. पहिला कुठे गेला?

उत्तर : तो दुसऱ्याखाली झाकला गेला आहे. 'कॉन्टूरप्लॉट' (हे आलेख काढणारी आज्ञा) रेषांमधली जागा आपणहून रंगाने भरतो आणि 'शो' आलेख दिलेल्या क्रमाने रचतो, नंतरचा वर. वरच्या आलेखात 'कॉन्टूरशेडिंग' या पर्यायाला 'नन' (काहीच नाही) द्या. रंग जाईल, रेषा राहतील. काही जण वरचा थर अर्धपारदर्शक करून वेळ मारून नेतात. ते टाळा. दोन रंगपट्ट्या (कुठल्या मूल्याला कुठला रंग हे ठरवणाऱ्या) मिसळून असा रंग तयार होतो, की तो कुठल्याच पट्टीवर सापडत नाही.

खालच्या आलेखाच्या रेषाही काढून टाकलेल्या बऱ्या. तिथे 'कॉन्टूरस्टाइल'ला 'नन'. खाली नुसता रंग, वर नुसत्या रेषा, म्हणजे कुठली रेषा कोणाची हा गोंधळच उरत नाही. वरच्या रेषा लाल आणि जाड हव्या असतील तर दोन्ही गोष्टी 'डायरेक्टिव्ह'मध्ये गुंडाळा. महिरपी कंसात नुसती यादी दिलीत, तर एक रेषा लाल, पुढची जाड, पुन्हा लाल असा आळीपाळीचा प्रकार होतो. आणखी एक : 'शो' अक्षांची व्याप्ती पहिल्या आलेखाची धरतो. दुसरा आलेख कडेला कापला गेला, तर 'शो'मध्येच 'प्लॉटरेंज'ला 'ऑल' द्या.

प्रश्न : मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅममध्ये 'होल्ड ऑन' (आधीचा आलेख न पुसण्याची आज्ञा) देऊन साइन x गुणिले कोसाइन y याच्या रंगीत आलेखावर x²+y² च्या रेषा काढल्या. रेषा आल्या, पण खालचा रंग सपाट झाला.

उत्तर : एका अक्षचौकटीला रंगपट्टी एकच आणि तिची मोजपट्टीही एकच. x आणि y दोन्ही −३ ते ३ घेतले, तर पहिलं फल −१ ते १ मध्ये फिरतं, दुसरं ० ते १८ मध्ये. एकत्र व्याप्ती −१ ते १८, म्हणजे १९ एकक. त्यातली २ पहिल्याच्या वाट्याला, पट्टीचा जेमतेम दहावा भाग. रंग सपाट दिसणारच.

दुसऱ्या फलाच्या रेषांना 'लाइनकलर'ने काळा रंग द्या, मग त्यांना पट्टीची गरज उरत नाही. पुढे 'क्लिम' या आज्ञेने रंगांची व्याप्ती −१ ते १ अशी पक्की करा. मॅटलॅबच्या २०२२अ च्या आधीच्या आवृत्तीत हीच आज्ञा 'कॅक्सिस' नावाने आहे. दुसऱ्या फलाची ६ या मूल्याची एकच रेषा हवी असेल, तर पातळी ६ अशी सुटी देऊ नका. मॅटलॅब त्याचा अर्थ 'सहा पातळ्या' असा घेतो. [६ ६] असं दोनदा लिहायचं. विचित्र वाटतं, पण तसंच आहे. पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात मात्र [६] ही एका घटकाची यादी पुरते.

प्रश्न : मॅटप्लॉटलिबमध्ये सगळ्या रेषा काळ्या केल्या, तर अर्ध्या तुटक का येतात?

उत्तर : त्या ऋण मूल्यांच्या रेषा आहेत. रंग एकच दिला की धन-ऋण ओळखता यावं म्हणून ही सोय आहे. रंगपट्टी वापरली तर रेषा सलग येतात. नको असेल तर 'लाइनस्टाइल्स'ला 'सॉलिड' द्या. आमच्या मते चिन्हाला अर्थ असेल तिथे तुटक रेषा राहू द्यावी, कृष्णधवल छपाईत तीच कामी येते. 'कलर्स' (ठरावीक रंग) आणि 'सीमॅप' (रंगपट्टी) एकाच आज्ञेत दिले तर मात्र थेट चूक दाखवली जाते. दोहोंपैकी एकच ठेवा.

मॅटप्लॉटलिबच्या 'कॉन्टूरएफ'चा (रंग भरलेला कॉन्टूर) आलेख पीडीएफमध्ये उघडल्यावर रंगांच्या सीमेवर बारीक पांढऱ्या चिरा दिसतात. शेजारच्या दोन बहुभुजांच्या कडा दर्शक प्रोग्रॅम वेगवेगळ्या मऊ करतो, त्या फटीतून कागद डोकावतो. भरलेल्या भागांच्या कडेचा रंग 'फेस' (आतल्या रंगासारखाच) केला, की चिरा बुजतात.