पियानोवादकाचे वाद्य कोणाचे?

प्रश्न : व्हायोलिनवादक आपले वाद्य सोबत घेऊन जगभर फिरतात. देशोदेशी मैफली करणारे पियानोवादक काय करतात? दर वेळी परके वाद्य मिळाल्याने त्यांची तयारी वाया जात नाही का?

उत्तर : बहुतेक पियानोवादकांची सारी कारकीर्द परक्या वाद्यांवरच घडते. मोठ्या सभागृहांत आढळणारा स्टाइनवे कंपनीचा ‘डी’ पियानो सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास 480 किलो वजनाचा असतो. तो बरोबर नेणे फार थोड्यांना परवडते. त्यामुळे समोर येईल त्या वाद्याशी कलावंताला काही तासांत जुळवून घ्यावे लागते. पट्टी किती भाराने दबते, खर्जातला नाद किती वेळ रेंगाळतो, हे प्रत्येक पियानोत थोडे निराळे असते, आणि घरी महिनोन्महिने बोटांत बसवलेला हळुवार स्वर इथे कदाचित उमटतच नाही.

आपल्याकडे गवई तानपुरे स्वतः जुळवून घेतो. पियानोच्या दोनशेहून अधिक तारा मात्र तंत्रज्ञच लावतो. तारांवर आघात करणाऱ्या हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, सुयांनी टोचून कर्कश नाद मऊ करणे हेही त्याचेच काम असते, आणि त्याचे नाव टाळ्यांच्या वेळी कोणी घेत नाही याची मला खंत वाटते.

स्वतःच्याच वाद्याचा आग्रह धरणारेही झाले. 61 वर्षांनी मायदेशी परतलेल्या व्लादिमिर होरोविट्झ यांनी 1986 साली मॉस्कोतल्या मैफलीसाठी आपला पियानो न्यूयॉर्कहून नेला होता. क्रिस्तियान झिमरमन यांनी तर पियानोची यंत्रणा उघडून दुरुस्त करण्याचे कसब स्वतःच मिळवले आहे. 2001 च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांचा पियानो गोंदाच्या वासाच्या संशयावरून नष्ट करण्यात आला, तरीही त्यांनी आग्रह सोडला नाही. याउलट स्व्यातोस्लाव रिख्टर यांना पियानो निवडत बसणेच मान्य नव्हते, कारण निवड करू लागले की मनात शंका शिरते, असे ते मानत.

तयारी वाया जाते का, याचे उत्तर सरावाच्या हेतूत आहे. केवळ बोटांच्या सवयीवर विसंबलेला वादक नव्या वाद्यावर अडखळतो. ज्याच्या कानात हवा तो नाद आधीच पक्का असतो, तो पट्टीवरचा भार बदलत बदलत तिथवर पोहोचतो. शिवाय रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज श्रोते भरल्यावर दबतो, म्हणून दुपारी जुळवलेले पुष्कळसे त्याला संध्याकाळी रंगमंचावर, वाजवता वाजवता, पुन्हा जुळवावे लागते.