आधी हॉलमधला तो बोर्ड उतरवा

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात बी.टेक. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए 7.1. कोडिंगमध्ये फार चमक नाही. माझा पुण्याचा भाचा स्क्रम मास्टर (सॉफ्टवेअर टीममधलं एक पद) आहे, पॅकेज उत्तम. म्हणून मुलीला अजाइल (सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं बनवण्याची पद्धत) प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या दीड लाखाच्या कोर्सला घालतोय, वीस हजार भरलेत. सवय लागावी म्हणून घरी, अशा टीममध्ये असतो तसाच, कामांचा बोर्ड लावलाय आणि रोज रात्री नऊला आढावा घेतो. तिला मात्र परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका लहान कंपनीत टेस्टिंगची इंटर्नशिप करायची आहे. मी नाही म्हटलं. कोर्स योग्य आहे ना?
– एक पालक, मानेवाडा (जलसंपदा विभागातून निवृत्त)

उत्तर : नमस्कार. तुमच्या मूळ पत्रात कोर्सबद्दल चार ओळी आहेत आणि बोर्डाबद्दल दीड पान. वर ते पत्र आटोपशीर करून दिलंय, पण मला काळजी त्या दीड पानाची वाटते.

करायचं, चालू, झालं असे तीन रकाने. त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या : जावा, अ‍ॅप्टिट्यूड, इंग्लिश बोलणं, आणि कोपऱ्यात एक ‘वजन’. ‘इंग्लिश बोलणं’ तीन आठवडे ‘चालू’मध्येच अडकलं. आत्या घरी आली तेव्हा तिनं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, आणि मुलगी दोन दिवस हॉलमध्ये जेवायला आली नाही. हे तुम्हीच लिहिलंय, तेही मुलीची तक्रार म्हणून! या चिठ्ठ्यांतली एक तरी तिनं स्वतः लिहिली आहे का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

कंपनीत असा बोर्ड असतो, पण तो काम करणाऱ्यांचा असतो. या स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं, हे टीम ठरवते. स्प्रिंट म्हणजे जास्तीत जास्त महिनाभराचा टप्पा, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा. रोजची पंधरा मिनिटांची बैठक असते, तीही टीमनं आपापसात दिवसाचं काम लावून घेण्यासाठी. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तुम्ही रोज विचारता ते तीन प्रश्न स्क्रमच्या, म्हणजे अजाइलच्याच एका प्रकाराच्या, जुन्या मार्गदर्शिकेत होते. 2020 च्या आवृत्तीतून ते काढले. टीमनं आपल्याला सोयीचं पडेल तसं बोलावं. तुम्ही रात्री नऊला जे करता त्याला आढावा म्हणत नाहीत. साइटवर कंत्राटदाराच्या कामाची एमबी (मोजमाप वही) भरावी, तशी तुम्ही मुलीची भरताय.

आता भाच्याकडे वळू. स्क्रम मास्टर म्हणजे टीमचा साहेब आणि कोडिंग जमत नसलेल्यांसाठी सोपी वाट, असा तुमचा समज दिसतो. नागपुरातल्या बऱ्याच घरांत हा समज आहे आणि कोर्सवाले तो आनंदानं जोपासतात. स्क्रम मास्टर कुणाला काम वाटून देत नाही, कुणाची हजेरी घेत नाही. टीमचं काम कुठे अडतंय ते तो बघतो, अडथळे दूर करायला मदत करतो आणि वरून कुणी मध्येच काम घुसडत असेल तर त्याच्याशी बोलतो. म्हणजे सहा-सात अनुभवी माणसांनी ऐकावं असं वजन लागतं, आणि ते पद देऊन येत नाही. तुमच्याच पत्रात आहे की भाचा 2014 पासून डेव्हलपर होता आणि 2022 मध्ये स्क्रम मास्टर झाला. ती आठ वर्षं दीड लाखात कशी मिळतील? बावीस वर्षांच्या मुलीला या पदावर कुणी बसवलंच, तर तिच्या वाट्याला मीटिंगची निमंत्रणं पाठवणं येईल.

सर्टिफिकेटांचं थोडक्यात : पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटसाठी पदवी असली तरी तीन वर्षं प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव लागतो. स्क्रम मास्टरची दोन सर्टिफिकेटं : सीएसएमला दोनेक दिवसांचं प्रशिक्षण आणि परीक्षा, पीएसएम-1 ला प्रशिक्षणाची सक्ती नाही. वर म्हटलेली मार्गदर्शिका, ‘स्क्रम गाइड’, इंटरनेटवर फुकट आहे, पंधरा पानांच्या आत. आधी तुम्हीच वाचा.

तुम्ही आयुष्यभर जलसंपदा विभागात काम केलंत, म्हणून एक मुद्दा तुम्हाला पटकन कळेल. धरणाचं आधी संकल्पचित्र, मग अंदाजपत्रक, मग निविदा. अर्धी भिंत बांधून शेतकऱ्याला ‘कशी वाटते?’ असं विचारता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये येतं, आणि ग्राहकाला काय हवंय ते बऱ्याचदा अर्धवट चीज हातात आल्यावरच कळतं. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामध्ये 17 जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यात आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं महत्त्वाचं मानलंय. मुलीसाठी तुम्ही केलेला तो वार्षिक आराखडा, जून ते मे, रंगीत पेनांनी आखलेला, त्याच्या अगदी उलट आहे.

टेस्टिंगला तुम्ही ‘दुय्यम काम’ म्हणता, ते मला मान्य नाही. समजा चिठ्ठीवर लिहिलंय : ‘वीजबिल भरल्यावर ग्राहकाला मोबाइलवर पावती मिळावी.’ डेव्हलपर म्हणतो, झालं. टेस्टिंगवाली विचारते, खात्यातून पैसे गेले आणि त्याच क्षणी नेटवर्क गेलं तर? ग्राहकानं घाबरून दुसऱ्यांदा बटण दाबलं तर? आणि ती चिठ्ठी ‘झालं’मधून परत ‘चालू’मध्ये येते. काम पूर्ण झालं असं नेमकं कधी म्हणायचं, हे तिथे रोज भांडून शिकायला मिळतं. लहान कंपनीत तर ग्राहकाचा फोनही कधीकधी तिलाच घ्यावा लागेल. पुढे तिला प्रोजेक्टकडे वळायचं असेल तर हाच पाया आहे, आणि कोडिंग आवडायला लागलं तर तीही वाट उघडी राहते. स्टायपेंड आठ हजार आहे म्हणून नाक मुरडू नका. ऑफर लेटर, कामाचे तास आणि तिच्याकडे कोण लक्ष देणार एवढं तिनं विचारून घ्यावं. तिनं, तुम्ही नाही.

तेव्हा कोर्सला माझा स्पष्ट नकार. भरलेल्या वीस हजारांच्या पावतीमागे परताव्याच्या अटी असतील, त्या वाचून आजच लेखी अर्ज द्या. परत मिळाले नाहीत तरी उरलेले एक लाख तीस हजार त्यांच्या मागे घालू नका. इंटर्नशिपचा होकार 30 तारखेपर्यंत कळवायचा आहे असं तुम्ही लिहिलंय, तर तुमचं ‘नाही’ त्याआधी मागे घ्या. पुढे काही विचारायचं असेल तर पत्र तिला लिहू दे. पाठवण्याआधी ते तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल.