पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पेरायला जाशील तेव्हा

प्रिय चिऊ,

तुझ्या इथल्या, इंग्लंडमधल्या मैत्रिणीच्या आईने २० मार्चला तुला त्यांच्याकडे बोलावलंय. त्या पेगन आहेत, म्हणजे निसर्गाला मानणाऱ्या एका धर्माच्या. वसंताचं स्वागत म्हणून त्या दिवशी कुंडीत बी पेरतात, आणि तुम्ही मुलींनीही आपापली बी पेरायची आहे. त्यावरून तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस. आपल्यात असं काही असतं का? नसेल तर का नाही? आणि तू गेलीस तर गावच्या आजीला चालेल का? जेवता जेवता उत्तर देऊन भागेल असे हे प्रश्न नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आजीला चालेल, खुशाल जा. तिला फोनवर सांगितलंस तर ती एवढंच विचारेल की काय पेरलं आणि माती कुठली होती.

बी पेरून तिची पूजा आपल्यातही होते, आणि तीसुद्धा थेट देवघरात. मात्र ती वसंतात होत नाही, आश्विनात होते, घटस्थापनेला. तू आजीकडे गेलीस ती नेहमी उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्यामुळे घट बसलेला तू अजून पाहिलेला नाहीस. आदल्या दिवशी शेतातून काळी माती आणायची, ढेकळं हाताने फोडून ती मोकळी करायची आणि पत्रावळीवर नाहीतर टोपलीत पसरायची. तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा, जव, मूग असं घरात असेल ते धान्य पेरायचं. कुणाकडे पाच प्रकारचं, कुणाकडे सात, कुणाकडे नऊ. मधोमध मातीचा घट, त्यात पाणी, तोंडाशी विड्याची पानं, वर नारळ. शेजारी नंदादीप, तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. घटावर रोज एक माळ चढते, आणि त्या दिवसांत माळरानावर, बांधावर जी फुलं असतात त्यांची ती असते. आमच्याकडे कारळ्याच्या नाहीतर तरवडाच्या पिवळ्या फुलांची.

लहानपणी मी बघत बसायचे ती त्या घटाची बाहेरची बाजू. घट साध्या भाजलेल्या मातीचा असतो, त्याला चकाकी दिलेली नसते. आतलं पाणी भिंतीतून हळूहळू बाहेर येतं, घट नेहमी ओलसर दिसतो, आणि भोवतालच्या मातीला लागेल तेवढीच ओल मिळत राहते. आजी रोज घटात थोडं पाणी वाढवते, मातीवर फारसं ओतत नाही. तिसऱ्या दिवसापासून गव्हाचे कोंब दिसायला लागतात. नवमीपर्यंत वीतभर उंचीचं दाट धान उभं राहतं, आणि ते पिवळं असतं. देवघराच्या कोपऱ्यात ऊन येत नाही, आणि उजेडावाचून पान हिरवं होत नाही. दसऱ्याला तेच पिवळं धान देवीला वाहतात, पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात.

आजी त्या पत्रावळीकडे शेतकऱ्याच्या नजरेनेही बघते. कुठलं धान्य दाट आलं, कुठलं विरळ, याच्यावर जुनी माणसं पीक कसं येईल ते सांगायची. पाऊसपाणी काही त्यावरून कळत नाही. पण घरचंच बियाणं राखून पेरायचे दिवस होते तेव्हा मूठभर बी आधी घरात उगवून बघणं शहाणपणाचंच होतं, कारण लगोलग तेच बी शेतात जायचं.

आपल्यात वसंतात असं का नाही, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपलं गाव मंगळवेढ्याकडचं. तिथली ज्वारी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. ही ज्वारी रब्बीची. परतीच्या पावसाचं पाणी काळी जमीन धरून ठेवते, आणि त्या ओलीवर हस्ताच्या सुमाराला पेरणी होते. तिफणीला, म्हणजे पेरायच्या अवजाराला, हळदकुंकू लावून, नारळ फोडून, घरातलं माणूस तिच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरतं. देवघरात घट बसतो आणि शेतात तिफण चालते, दोन्ही एकाच पंधरवड्यात. आश्विनातली ती पूजा शेताच्याच हिशोबाने ठरलेली आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तोच चैत्र बघ. ज्वारी निघालेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, नांगरट करून ढेकळं उन्हात तापत ठेवलेली असतात. अशा जमिनीत बी टाकलं तर ते करपून जाईल. पण झाडांच्या मुळ्या खोल असतात, त्यांना खालची ओल सापडते. म्हणून गावाकडे वसंत जमिनीवर दिसत नाही, तो झाडांवर दिसतो. कडुलिंबाला तांबूस कोवळी पालवी, मग बारीक पांढरा मोहर, आंब्याला कैऱ्या. आपण त्याचं स्वागत त्याच वस्तूंनी करतो. गुढीला कडुलिंबाचा डहाळा बांधतो, त्याची पानं गूळ, जिरं, ओवा घालून खातो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे देतो. पाडव्याला आपण काही पेरत नाही याचं तुला वाईट वाटलेलं दिसलं. वाटून घेऊ नकोस. आपल्या मातीने जे दिलं त्याचाच आपण सण केला.

इंग्लंडची माती वेगळी आणि उजेडही वेगळा. लंडनमध्ये डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. आजीच्या गावी तो साधारण अकरा तासांचा. आजीला उजेडाची वाट कधी बघावी लागली नाही, ती पावसाची वाट बघते. इथली माणसं चार महिने उजेडाची वाट बघतात. २० मार्चला दिवस आणि रात्र जवळपास सारखी होते आणि तिथून दिवस रात्रीपेक्षा मोठा होत जातो, म्हणून तो दिवस त्यांच्यासाठी मोठा. बाहेर मात्र मेच्या मध्यापर्यंत कडाक्याची रात्र येऊ शकते. त्यामुळे बी आत, खिडकीशी, कुंडीत पेरतात आणि रोप मोठं झालं की बाहेर नेतात. बी हातात धरून या वर्षी आपल्या आयुष्यात काय वाढावं ते मनात म्हणायचं, मग ती मातीत टाकून पाणी घालायचं. बहुतेक ठिकाणी विधी एवढाच असतो. मला तो फार आवडला.

पेगन म्हणजे कोण, हेही तुला माहीत असू दे, कारण वर्गात कुणीतरी हसेल. ख्रिस्ती धर्माच्या आधी या देशात निसर्गाला मानणारे जे धर्म होते, त्यांच्या धाग्यावर आज चालणारा हा धर्म. त्याचं आजचं रूप विसाव्या शतकात घडलं. इथला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि त्यानंतर ही माणसं उघडपणे बोलू लागली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला. त्यांच्या वर्षात आठ सण असतात, त्यातला हा ओस्टारा. हे नाव ईओस्त्रे नावाच्या देवीशी जोडतात. तिचा उल्लेख संत बीड या ख्रिस्ती साधूने इ.स. ७२५ मध्ये केला, तोही अगदी ओझरता. या दिवसाला ओस्टारा म्हणायला लागले ते १९७० च्या दशकात. सण नव्याने बांधला म्हणून तो खोटा ठरत नाही. जुनं जवळपास सगळं पुसलं गेलं असताना कुणी पुन्हा मातीपाशी येऊन बसतं, याचा मला आदर वाटतो.

थोडं जुनं उरलंही आहे. ब्रिटिश लायब्ररीत अकराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात नापीक झालेल्या शेतासाठी सांगितलेला विधी आहे, अ‍ॅकेरबोट. पहाटेच्या आत शेताच्या चार बाजूंची चार ढेकळं काढायची, त्यावर तेल, मध, दूध घालायचं, ती चर्चमध्ये नेऊन प्रार्थना करायची आणि सूर्यास्ताच्या आत जागेवर ठेवायची. मग भिकाऱ्याकडून बी घ्यायचं आणि त्याने दिलं त्याच्या दुप्पट त्याला द्यायचं. नांगर चालवताना धरणीला माणसांची आई म्हणून हाक मारायची, आणि नांगराच्या पहिल्या सरीत पिठाची भाकरी ठेवायची. हे वाचलं आणि मला आजीची वेळअमावस्या आठवली. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप करतात, सगळं गोत तिथेच जेवतं, आणि उभ्या पिकाभोवती अंबील शिंपडत फिरतात. आजी जमिनीला काळी आई म्हणते. हजार वर्षांपूर्वीच्या इथल्या शेतकऱ्याला आजीची भाषा कळली नसती, पण ती काय करते आहे ते त्याला बरोबर कळलं असतं.

वसंतात बी उगवून पूजणारे भारतातही आहेतच. राजस्थानात होळीची राख मातीत मिसळून गहू आणि जव पेरतात, ते गणगौरीसाठी. तुझ्या वर्गातली इराणी मुलगी नवरोजच्या आधी ताटलीत गहू नाहीतर मसूर उगवून ठेवते आणि तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडते. तिला विचार, ती तुला नीट सांगेल.

आता जाताना काय न्यायचं ते. रिकाम्या हाताने जायचं नाही. ज्वारी नेऊ नकोस, तिला ऊब लागते, इथल्या मार्चमध्ये ती धरणार नाही. मेथी ने. खिडकीशी ती आठवड्याच्या आत उगवते. थोडे धनेही ने, पण लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन डाळ्या करून, म्हणजे चांगले उगवतात. पाडवा या वर्षी १९ तारखेला आहे, म्हणजे आदल्याच दिवशी. वाटली डाळ करेन ती डब्यात देते. कैरी मिळाली नाही तर लिंबू पिळून करू. तिथे जे म्हणतील ते म्हण, हात जोडावेसे वाटले तर जोड. त्यांच्या घरी त्यांची पद्धत.

यंदा अधिक महिना असल्यामुळे घटस्थापना उशिरा आहे, ११ ऑक्टोबरला. मायलेकींना त्या दिवशी आपल्याकडे बोलवायचंय, तू तिथेच सांगून ये. माती आपल्या परसातली घेऊ, चिकट आहे म्हणून थोडी वाळू मिसळावी लागेल. घट मात्र साध्या भाजलेल्या मातीचाच हवा. बागकामाच्या दुकानात खाली भोक नसलेली, बिनचकाकीची मातीची कुंडी मिळते का, ते या शनिवारी बघून येऊ.

तुझी,
आई