गडबड नेमकी सुरू कधी होते?

"हल्ली मुलं ऐकतच नाहीत हो. हात लावायची सोय राहिली नाही, ओरडून ओरडून घसा बसतो. वर्ग सांभाळायचा तरी कसा?"

शाळा सुरू होऊन महिना झाला की हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकाकडे यायला लागतो आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत येत राहतो. विचारणारे बहुतेक पहिली ते चौथीचे शिक्षक. आल्या आल्या ते वर्गाबद्दल बोलत नाहीत. झोप लागत नाही, घरी चिडचिड होते, स्वतःच्या मुलांवर हात उगारला जातो, अशी सुरुवात असते. वर्ग मागाहून येतो. या सगळ्यांना एकत्रच काही सांगावं, म्हणून सविताताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला त्यांची हरकत नाही.

सविताताई एका अनुदानित शाळेत तिसरीला शिकवतात. पट ४६. नोकरीला बारा वर्षं झालेली, म्हणजे नवख्या अजिबात नाहीत. "ही बॅचच तशी आहे," असं त्यांचं ठाम मत होतं. मुख्याध्यापिकांनी ऑफिसात बोलावून सुनावलं होतं, की तुमच्या वर्गाचा आवाज इथवर येतो. पण त्यांना लागलं होतं ते वेगळंच. शेजारच्या वर्गाच्या बाई एक दिवस आल्या आणि एक अक्षर न बोलता मधलं दार ओढून घेऊन गेल्या.

उपाय सगळे करून झाले होते. हाताची घडी, तोंडावर बोट. मॉनिटरकडून फळ्यावर नावं. मागे उभं करणं. अख्ख्या वर्गाचा खेळाचा तास बंद. शहाण्या मुलांना हातावर स्टार.

"माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"एखादी युक्ती सांगा, मॅडम. सायकॉलॉजीतली."

युक्ती दिली नाही, काम दिलं. एका तासिकेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. ऐकायचा तुम्ही एकटीने, मलासुद्धा ऐकवायचा नाही, आणि ऐकून झाला की पुसून टाकायचा. ऐकताना दोनच गोष्टी टिपायच्या. शिकवणं थांबवून कुणाला नावाने हाक मारली, आणि त्या वेळी वर्गात काय चाललं होतं.

पुढच्या भेटीला त्या टाचणवही घेऊन आल्या. मागच्या पानावर उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या पाडलेल्या. एका नावापुढे १९ रेघा होत्या. त्या मुलाला आपण ओम म्हणू. पस्तीस मिनिटांची तासिका आणि १९ वेळा ओम.

"ओम खाली बस, ओम त्याची पेन्सिल दे, ओम मी काय सांगतेय. नुसता जप चाललाय माझा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात.

"आणि ज्यांच्या नावापुढे एकही रेघ नाही, अशी मुलं किती?"

हे त्यांनी मोजलं नव्हतं. त्या हजेरीच्या क्रमाने नावं आठवायला लागल्या, बोटांवर मोजत. तिसाव्या-बत्तिसाव्या नंबरच्या एका मुलीशी येऊन अडकल्या. खिडकीकडची, दोन वेण्या, अक्षर सुरेख.

"ही काल आली होती का?" त्यांनी मलाच विचारलं. मग म्हणाल्या, "हजेरी मीच घेतलीय. पण मला खरंच आठवत नाही हो."

मी त्यांना थोडा वेळ तिथेच राहू दिलं. अशा वेळी घाईने धीर देणारे समुपदेशक मला आवडत नाहीत.

मग म्हटलं, "ताई, वर्ग तुमचं ऐकत नाही असं तुम्ही म्हणता. मला तर वाटतं, फार नीट ऐकतोय. बाई नाव कशामुळे घेतात, हे सेहेचाळीसजणांना पक्कं कळलंय."

हे वाक्य त्या दिवशी सुचलं. तेव्हापासून मी ते पुष्कळ शिक्षकांना ऐकवलं आहे, आणि ते ऐकून कुणी वाद घातलेला नाही.

माझा कल ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलरकडे आहे, हे सांगून टाकते. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अॅडलर शाळांशी जोडून मुलांची मार्गदर्शन केंद्रं चालवत. शिक्षक तिथे बसत आणि अडलेल्या मुलांविषयी बोलणं होई. अॅडलर यांचं म्हणणं असं, की मुलाला सगळ्यात जास्त काय हवं असेल तर चारचौघांत आपली जागा. गणित सोडवून मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर बाकावरून पडून मिळवता येते. ओमने ती मिळवली होती. वर्गातलं सगळ्यात मोठं माणूस तासाला १९ वेळा त्याचं नाव घेतं आणि प्रत्येक वेळी सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. दोन वेण्यांवालीने घडी घालून, बोट ठेवून काय मिळवलं? ओमच्या शेजारचे दोघं-तिघं हे रोज बघत होते. तिसरीतल्या मुलाला एवढा हिशेब येतो.

टिपणातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रेघा तासभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. धडा वाचून दाखवताना जवळपास कोरं पान. फळ्यावर उदाहरण सोडवताना दोन-तीन रेघा. बाकी सगळ्या रेघांचा गुच्छ तीन ठिकाणी होता. "वह्या काढा" म्हटल्यावर, वह्या तपासताना, आणि घंटेच्या आधीच्या पाच मिनिटांत.

"म्हणजे शिकवताना होतच नाही गडबड?" सविताताई पानाकडे बघत राहिल्या.

जेकब कुनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शाळांमधल्या वर्गांचं चित्रीकरण करून ते बारकाईने तपासलं आणि १९७० साली निष्कर्ष मांडले. त्यांना वाटलं होतं, शांत वर्गाचे शिक्षक दंगा झाल्यावर काही तरी वेगळं करत असतील. तसं निघालं नाही. दंगा झाल्यावरचं बोलणं, रागावणं यात दोन्हीकडे सांगण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो आधीचा. चांगल्या शिक्षकांचं लक्ष एकाच वेळी सगळीकडे असे आणि तसं ते आहे हे मुलांना जाणवत असे, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना त्यांचा वर्ग रेंगाळत नसे. मुलं ऐकत नाहीत म्हणून युक्ती मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आणि प्रत्येकाचा चेहरा पडतो. दंगा झाल्यावर काय करायचं, हेच तर ते विचारायला आलेले असतात!

सविताताईंच्या वर्गातली वह्या तपासायची पद्धत बघा. बहुतेक वर्गांत हीच असते. गणितं फळ्यावर दिली. पाच मिनिटांत पहिला आला, "बाई, झालं!" मागोमाग दुसरी. दहाव्या मिनिटाला टेबलाभोवती पंधरा मुलांचा गराडा, वह्या डोक्यावरून पुढे सरकवलेल्या, बाई त्यात बुडालेल्या. गराड्यापलीकडचं काही दिसत नाही. ज्यांची तपासून झाली त्यांना काम नाही, ज्यांना येत नाही त्यांना विचारायला कुणी नाही. कुणी कचऱ्याच्या डब्यापाशी पेन्सिलीला टोक करतोय, त्याच्याशी गप्पा मारायला आणखी चौघांना टोक करायचं असतं. कुणाला पाणी, कुणाला एक नंबर. आणि गराड्यातून बाईंची हाक, "ओम!"

आम्ही एवढीच गोष्ट बदलायला घेतली. बाई टेबल सोडून रांगांमधून फिरत तपासणार, लाल पेन हातात. पहिल्या फेरीत फक्त पहिलं गणित बघायचं, म्हणजे चुकणारे लवकर सापडतात. काम झालेल्यांनी काय करायचं ते आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असेल, आणि ते काम शिक्षा वाटेल असं नको. आणखी दहा गणितं दिली, तर हुशार मुलं पुढच्या वेळी सावकाश सोडवतात. गोष्टीचं पुस्तक, चित्र, शेजाऱ्यासाठी कोडं तयार करणं, असं काहीही चालेल. टोक केलेल्या पाच-सहा पेन्सिलींचा डबा ठेवायचा, मोडकी टाकून चांगली उचलायची. पाण्याला आणि बाहेर जायला तोंडी परवानगी नाही, दाराशी खिळ्याला अडकवलेला एक पास. तो जागेवर असेल तर घ्यायचा आणि जायचं.

"एवढ्याने होईल?" त्यांना हे फारच किरकोळ वाटलं. सायकॉलॉजी अशी दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

वह्या काढण्याची तर चक्क तालीम करायला सांगितली. आवाज न करता वही, पेन्सिल, पान उघडून तारीख. पहिल्यांदा किती वेळ लागतो तो फळ्यावर लिहायचा, उद्या कमी होतो का बघायचं. आठ वर्षांच्या मुलांना स्वतःचाच विक्रम मोडायला फार आवडतं. सूचना देताना एका वेळी एकच. आणि गडबडीवरून ओरडून सूचना अजिबात द्यायची नाही. एका जागी उभं राहायचं, ठरलेली टाळी वाजवायची, मुलांनी ती परत वाजवायची, पूर्ण शांत झालं की खालच्या आवाजात बोलायचं. अर्धवट शांततेत बोलायला सुरुवात केली, की अर्धवट शांतता चालते हे मुलं शिकतात. हाताची घडी आणि तोंडावर बोट मला आवडत नाही, कारण त्यात मुलाला करायला काहीच नसतं. अर्धं मिनिट टिकतं ते.

आता ओम. त्याला हाक मारायची नाही, असं ठरलं. चुळबुळ सुरू झाली की शिकवता शिकवता जवळ जाऊन उभं राहायचं, फार तर वहीवर बोट ठेवायचं. आणि त्याचं नाव दिवसातून तीन-चारदा घ्यायचंच, पण तो काही करत असताना. "ओम, तारीख लिहिलीस, पुढचं वाच." कौतुकाचे हार नकोत. सकाळी परिपाठाला दिनविशेष वाचायचं काम आठवडाभर त्याच्याकडे दिलं. सविताताई बिचकत होत्या, "बक्षीसच झालं की हे!" मी म्हटलं, तो रोज फुकट स्टेज घेतोच आहे, तुम्ही फक्त वेळ ठरवून देताय. दोन वेण्यांवालीसारख्यांसाठी हजेरीच्या यादीतून रोज पाच नावं ठरवून त्यांच्याशी एक-एक वाक्य बोलायचं.

कुठलं मूल नेमकं काय मागतंय, हे ओळखायची एक खूण अॅडलरचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी दिली आहे. ती मी शिक्षकांना नेहमी देते. मुलाकडे बघायच्या आधी आपल्याला काय वाटतंय ते बघा. नुसता वैताग येत असेल तर मूल लक्ष मागतंय. 'हा मला आव्हान देतोय' असं वाटत असेल तर जोर आजमावतंय, तिथे सगळ्यांसमोर भिडू नका. मनाला लागलं असेल, तर बहुधा त्यालाही कुठे तरी लागलंय. आणि 'याचं काही होणार नाही' असं वाटत असेल, तर त्याने स्वतःबद्दल तेच ठरवून टाकलंय. ते सगळ्यात शांत बसतं, म्हणून सगळ्यात उशिरा लक्षात येतं.

तिघांसाठी अख्ख्या वर्गाचा खेळाचा तास काढून घेणं मात्र ताबडतोब बंद करा. ज्यांना पळण्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच बसवून ठेवतो आपण, आणि चाळीस निरपराध मुलांचा राग ओढवून घेतो. गटाने जबाबदारी घ्यावी असं वाटत असेल, तर १९६९ साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या चौथीच्या वर्गात करून पाहिलेला खेळ चांगला आहे. वर्गाचे दोन संघ, नियम मोडला की त्या संघापुढे एक खूण, खुणा ठरावीक संख्येच्या आत राहिल्या तर तो संघ जिंकला. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही संघ जिंकू शकतात. बक्षिसांवर माझा फारसा विश्वास नाही, पण या खेळाने गडबड कमी होते हे मान्य करावं लागतं. हातावरच्या स्टारपेक्षा केव्हाही बरा.

"हात लावायची सोय नाही" याबद्दलही एक. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. शिक्षकांना पहिला अर्धा भाग पाठ असतो. फळ्यावर रोज तेच नाव, 'मठ्ठ' म्हणणं, तासन्‌तास मागे उभं करणं, हे दुसऱ्या अर्ध्यात येऊ शकतं.

सविताताईंना मी आधीच बजावलं होतं, की पहिल्या आठवड्यात ओम वाढेल. तसंच झालं. हाक येईना म्हणून त्याने बाकावर उभं राहून पाहिलं. त्या घाबरून फोनवर म्हणाल्या, "मॅडम, उलटंच होतंय." मी म्हटलं, चालू ठेवा, जुनी गोष्ट मिळेनाशी झाली की माणूस आधी जोराने मागतो. कुणाला इजा होईल असं काही असेल तरच थांबवा. दिवाळीच्या आधी त्यांनी पुन्हा एकदा रेकॉर्ड केलं. ओमपुढे चार रेघा होत्या. त्याला मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही, हे तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं. घरच्यांशी बोलून चष्मा झाला.

वर्ग आता शांत आहे असं नाही. कामाचा गुणगुणाट असतो, तो असायलाच हवा, आणि मुख्याध्यापिकांना तो अजून खटकतो. खेळाच्या तासानंतर लगेच गणित असतं, तिथे अजून रोज दहा मिनिटं जातात. तो तास बदलून मिळावा म्हणून सविताताईंनी अर्ज दिला आहे. तोवर त्या गणिताआधी दोन पानं गोष्ट वाचतात.